एक जुलैपासूनची लक्षणे

४ जून, मंगळवार. सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहिणार. हौस म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. उद्या चौकशी बसली तर तारीखवार टिपण हाताशी असलेलं बरं.

कालच्या पेपरात पान सहावर, मेंढ्यांच्या लिलावाच्या जाहिरातीखाली चार ओळी होत्या. एक जुलैपासून पुकेमाहो गावाच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यात येईल, नागरिकांच्या दातांच्या आरोग्यासाठी. बस. या पेपरवाल्यांना कुणाचं मांजर हरवलं तर फोटोसकट पाव पान मिळतं. मग ही बातमी मेंढ्यांखाली का? लपवणारा माणूस असाच लपवतो.

मी एकतीस वर्षं मीटवर्क्समध्ये, म्हणजे मेंढ्या कापायच्या कारखान्यात, इन्स्पेक्टर होतो. लाखो मेंढ्यांची काळजं या हातांनी दाबून बघितली आहेत. वरून चकचकीत आणि आत गाठ, हे माझ्या बोटांना कळतं. एका अर्थी मी शास्त्रज्ञच म्हणायचा.

संकल्प: सह्यांची मोहीम, किमान दोन हजार (गावाची वस्ती दोन हजार तीनशे). शेजारच्या टामातीवर लक्ष. आणि ब्रायरला वाचवणे. हा शेवटचा सगळ्यात मोठा. ब्रायर माझी एकुलती एक नात, वय वर्षे सहा. तिची आई रेविन, म्हणजे आमची मुलगी, वृद्धाश्रमात दिवसपाळी करते. म्हणून तीन वाजता शाळा सुटली की ब्रायर आमच्याकडे, साडेपाचपर्यंत. रिटायर माणसाच्या दिवसात ते अडीच तास सोडले तर नाव घेण्यासारखं काही नसतं. त्या पोरीच्या पोटात सरकारी औषध जाऊ देणार नाही.

रात्री जेवताना
नोलीनला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, मर्व, तुझ्या तोंडात स्वतःचा एक दात नाही, तुला फ्लोराइडचं काय पडलंय? मुद्दा गैरलागू आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे. शिवाय तिच्या तोंडात तरी कुठे आहे? बेचाळीस वर्षं संसार करून बायकोला तत्त्व कळलं नाही, याची नोंद केली.

८ जून, शनिवार
बेकरीबाहेर टेबल मांडून बसलो. साडेतीन तास, जून म्हणजे आमचा भर हिवाळा, कडाक्याची थंडी. सह्या: चौदा. त्यातल्या एका बाईंना वाटलं बसथांब्यासाठी आहे. सही घेतली, बसथांबाही पाण्याच्या टाकीजवळच आहे.

बेकरीवाला सही करायला तयार नाही. म्हणाला, मर्व, लोकांचे दात पडले तर माझे पाव कोण चावणार? या माणसाचा या प्रकरणात आर्थिक हितसंबंध आहे.

११ जून, मंगळवार
टामातीबद्दल. टामाती राउहिही कुंपणापलीकडे राहतो. मीटवर्क्समध्ये वीस वर्षं माझ्याबरोबर होता. कारखाना बंद झाल्यावर गावाच्या पाणी-केंद्रात चिकटला. म्हणजे जे काही मिसळायचं ते मिसळणारा हात त्याचाच. सज्जन माणूस आहे. अशीच माणसं त्यांना लागतात.

कुंपणावरून सहज म्हणून विचारलं, काय रे, तयारी कुठवर आली? तो म्हणाला, कसली तयारी मर्व, मी आपला वॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. आणि धुरी दिलेला वाम मासा कागदात गुंडाळून दिला, नोलीनला आवडतो म्हणून. लाच असावी. चवीला उत्तम होता.

१५ जून, शनिवार
टामाती सुपरमार्केटमधून बाटलीबंद पाण्याचे सहा क्रेट नेताना दिसला. सहा! स्वतः मिसळणारा स्वतः पीत नाही. गाडीचा नंबर आणि वेळ टिपली. नोलीन म्हणाली, अरे, आज त्याच्या मुलीच्या नेटबॉल टीमची मॅच आहे. अशी कारणं नेहमीच तयार असतात.

सह्या: सव्वीस.

२० जून, गुरुवार
मोठं यश. पाण्याचा प्रश्न सुटला.

खिंडीच्या पलीकडे बावीस किलोमीटरवर खडकातून पाइप काढलेला झरा आहे. दहा कॅन भरून आणले. पाइपशेजारी नगरपालिकेची पाटी: उकळल्याशिवाय पिऊ नये. यावरूनच कळतं की पाणी अस्सल आहे. वर चार-पाचशे मेंढ्या चरत होत्या, सगळ्या टुणटुणीत. मेंढ्यांतलं मला कळतं.

तिथे डग नावाचा गृहस्थ भेटला. दाढी, जुनी व्हॅन, आतच राहतो. त्याचा अभ्यास दांडगा. फ्लोराइड हवेतून, कपड्यांतून, कसंही अंगात शिरतं म्हणे, नुसतं पाणी बदलून भागत नाही. उतारा एकच, मानुका नावाच्या रानझुडपाच्या फुलांचा मध. मध विषाला धरतो आणि बाहेर नेतो. शास्त्र सोपं आहे. चिकट वस्तूला वस्तू चिकटते. त्याच्याकडूनच दोन बरण्या घेतल्या.

१ जुलै, सोमवार. सकाळी ६.४०
आज सुरू. तोंड धुताना नळाच्या पाण्याला किंचित कडसर वास. मी दाढीसाठी झऱ्याचं पाणी गरम करणार होतो पण विसरलो.

सकाळी ११.००
डोकं जड. उजव्या गुडघ्यात कळ. सार्जंट (आमचा कुत्रा, वय चौदा) उठायला तयार नाही.

दुपारी २.००
चष्मा कुठे ठेवला ते आठवेना. फ्लोराइड आधी स्मरणशक्तीवर जातं, असं डग म्हणाला होता. चष्मा डोक्यावर सापडला. नोंद केली.

संध्याकाळी ५.४५
ब्रायरसाठी बंदोबस्त सुरू केला. तिच्या देवमाशाच्या चित्राच्या बाटलीत झऱ्याचं पाणी आणि एक चमचा मध. इथे असेपर्यंत हेच प्यायचं. घरी जाताना बाटली पुन्हा भरून दिली, उद्या शाळेत नेण्यासाठी. सांगितलं की शाळेच्या नळाला तोंड लावायचं नाही, दिवसभर हेच घोट घोट घ्यायचं.

रेविनला सांगितलेलं नाही. सांगितलं की प्रश्न, प्रश्न आले की वाद. पोरीच्या भल्याचंच आहे, मग परवानगी कसली मागायची? ज्याला कळतं त्याने ठरवावं, हा जगाचा नियम आहे.

४ जुलै, गुरुवार
पोट बिघडलं. तीन दिवस झाले. दाढीच्या वेळी नळाचं पाणी ओठावाटे आत गेलं असणार. झऱ्याच्या पाण्याचं प्रमाण दुप्पट केलं. नोलीनने ते पाणी उकळून घ्यायला सुरुवात केली आहे. उकळल्याने पाण्यातला जोम जातो, हे तिला कोण सांगणार? ती मात्र ठणठणीत आहे. बायकांवर परिणाम उशिरा होतो.

६ जुलै, शनिवार
पोट थोडं बरं. सह्या: एकतीस. पावसामुळे सह्यांचा कागद भिजला, चार वाचता येत नाहीत. म्हणजे सत्तावीस.

९ जुलै, मंगळवार
शाळेला सुटी. ब्रायर सकाळपासून आमच्याकडे. मजा. दोघांनी मिळून सार्जंटला आंघोळ घातली (झऱ्याच्या पाण्याने, एक अख्खा कॅन गेला).

ब्रायरने विचारलं, आजोबा, माझं पाणी गोड का लागतं आणि आजीचं का नाही? मी म्हणालो, तुझं डोंगरातलं आहे ना, म्हणून. मधही डोंगरातलाच आहे, तेव्हा खोटं बोललो असं होत नाही. तिने पैज लावून सगळी बाटली संपवली आणि म्हणाली, अजून. इतकं पाणी आजकालची मुलं कुठे पितात?

१८ जुलै, गुरुवार
लक्षणांची यादी आता दोन पानं. गुडघा, चष्मा, पोट, सार्जंट, परसातल्या चार्ड या पालेभाजीच्या पानांना पिवळेपणा, काल रग्बीच्या मॅचमध्ये मधेच लागलेली झोप. सगळं एक जुलैनंतरचं. त्याआधी गुडघा दुखत होता, पण इतक्या शिस्तीत नाही.

फूड मार्केटजवळ चार जणांना विचारलं. तिघांनी सांगितलं की हो, त्यांनाही एक जुलैपासून थकवा वाटतो. चौथा म्हणाला, त्याला १९९८ पासून वाटतो. त्याला धरलं नाही.

२६ जुलै, शुक्रवार
वाईट बातमी. ब्रायरचा दात दुखतो आहे. खालचा, डावीकडचा. बिस्किट चावताना रडली. मी जे भाकीत केलं होतं तेच झालं. दातांसाठी म्हणून आणलं आणि दातांवरच उलटलं. शाळेत कोणीतरी तिला नळाचं पाणी पाजत असणार.

डोस वाढवला. तीन चमचे.

संध्याकाळी रेविन तिला न्यायला आली तेव्हा म्हणाली, बाबा, मी घरात गोळ्या-चॉकलेटं बंद केलीत, सरबत बंद केलंय, रोज दोनदा मी स्वतः ब्रश करते तिचे दात. मग कीड लागते कुठून? तुम्ही तर काही गोड देत नाही ना? मी म्हणालो, एक गोळीसुद्धा नाही. हे शंभर टक्के खरं आहे. मध औषधात मोडतो.

मी तिला एक जुलैबद्दल सूचक बोललो. ती थकली होती. म्हणाली, बाबा, आज नको.

३१ जुलै, बुधवार
मेमोरियल हॉलमध्ये आठ तारखेला जाहीर सभा. नगरपालिकेला घ्यावीच लागली, माझ्या रेट्यामुळे. (नोलीन म्हणते दरवर्षी ऑगस्टमध्ये असतेच.) पाण्याचा विषय तिसरा. मला पाच मिनिटं मिळाली आहेत. भाषण लिहायला घेतलं. सध्या चाळीस मिनिटांचं आहे.

८ ऑगस्ट, गुरुवार. रात्री
लिहितो. पुरावा तो पुरावा.

हॉल भरलेला. नेहमीप्रमाणे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणला होता. नोलीनचे चीज स्कोन सभा सुरू व्हायच्या आधीच संपले. मी इस्त्रीचा कोट घातला होता. दात रात्रभर गोळीच्या पाण्यात घालून लखलखीत केले होते.

सुरुवात उत्तम झाली. ही वही काढून लक्षणं तारीखवार वाचली. एक जुलै, डोकं जड. चार जुलै, पोट. लोक शांतपणे ऐकत होते. मागून दोन-तीन जण म्हणाले, खरंय, आमचंही तसंच. बेकरीवाल्याची बायको म्हणाली, माझे केस गळतायत एक जुलैपासून. टाळ्यासुद्धा वाजल्या. मी म्हणालो, पुकेमाहोच्या जनतेला न विचारता, न सांगता, तिच्या पेल्यात औषध घालण्याचा अधिकार यांना दिला कोणी? त्यावर आणखी जोरात टाळ्या.

मग टामाती उठला. टोपी हातात घेऊन, संकोचून. म्हणाला, मर्व, मधे बोलतो म्हणून रागावू नको. पण ते मशीन अजून सुरूच झालेलं नाही. एक पार्ट चुकीचा आला. तो परत पाठवलाय. बाकी सगळं खोक्यातच आहे, माझ्या शेडमध्ये, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. एक थेंब गेलेला नाही पाण्यात. आम्ही नोटीस लावली होती ऑफिसबाहेर. कोणी वाचली नाही वाटतं.

बेकरीवाल्याच्या बायकोने केसांवरचा हात खाली घेतला.

अशा वेळी खरा वक्ता डगमगत नाही. मी वही मिटली आणि उत्स्फूर्त बोललो. म्हणालो, ठीक आहे, मशीन बाजूला ठेवा. माझ्याकडे बघा! त्र्याहत्तर वर्षं मी याच गावचं साधं, शुद्ध, काही न मिसळलेलं पाणी पितोय. आणि हे बघा माझे दात! असं म्हणून ओठ फाकवून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवले. खोटं का बोला, त्या क्षणी मीसुद्धा विसरलो होतो.

पहिल्या रांगेतून मिस पेंगेलींचा आवाज आला. वय नव्वदच्या पुढे, व्हीलचेअर, पण आवाज तोच. आमच्या शाळेत दातांच्या नर्स होत्या. शाळेच्या मागे त्यांची ती पांढरी खोली. आम्ही सगळे तिला खाटीकखाना म्हणायचो. पायाने चालवायचं ड्रिल, इंजेक्शन वगैरे काही नाही, आणि वर्गातून नाव पुकारलं की जावंच लागायचं. त्या म्हणाल्या, मर्व्हिन, जरा जवळ ये बघू. मी गेलो. का गेलो ते माहीत नाही. त्या नाव घेतात तेव्हा पाय आपोआप चालतात.

त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, छान आहेत. हे तुझ्या बाबांनी दिले ना तुला, एकविसाव्या वाढदिवसाला? सगळे काढून एकदाच कवळी, म्हणजे पुढे कटकट नको. आणि नोलीनचे तिच्या बाबांनी काढून दिले, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, नवऱ्यावर बिलाचा बोजा नको म्हणून. तुझे खरे दात मला आठवतात मर्व्हिन. सतरा फिलिंग केली मी त्यांत. शुद्ध पाण्यातले होते बिचारे.

हसले. सगळा हॉल हसला. टामाती तेवढा हसला नाही. नोलीन हसली, आणि तिलाच हसू आवरायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

९ ऑगस्ट, शुक्रवार
काल रात्रीचा विचार केला. मशीन खोक्यात होतं हे टामातीचं म्हणणं. खोकं मी बघितलेलं नाही.

दुपारी
खोकं बघून आलो. टामाती स्वतः मला शेडमध्ये घेऊन गेला. प्लास्टिक आहे. तो म्हणाला, मर्व, तू मला सरळ विचारलं असतंस तर सरळ सांगितलं असतं. तू माझ्या गाडीचे नंबर लिहीत बसलास. मग शेडबाहेर पायरीवर बसून चहा दिला. म्हणाला, मलाही नाही आवडलं ते. वर बसून कोणी तरी ठरवतं आणि आम्ही नुसतं मिसळायचं. माझ्या आजीच्या वेळेपासून हेच चाललंय. पण माझ्या तिन्ही पोरांच्या दाढा किडल्या, आणि मी रात्री त्यांना मांडीवर घेऊन बसलोय. मग मला कळत नाही काय बरोबर ते.

कळत नाही म्हणतो आणि तरी नोकरी करतो. अशाने मोहीम उभी राहत नाही. चहा झाल्यावर घरी आलो.

निष्कर्ष: मशीन बंद होतं, म्हणजे मध वाया गेला असं नाही. शरीर आधीच तयार झालं. उतारा चालूच ठेवायचा.

१३ ऑगस्ट, मंगळवार
सह्या: एकोणीस. सभेनंतर आठ जणांनी स्वतःच्या खोडल्या. मिस पेंगेलींनी सहीसाठी कागद मागवून घेतला आणि त्यावरचं शुद्धलेखन सुधारून परत पाठवला.

ब्रायरचा गाल सुजला आहे. आज बाटली अर्धीच प्यायली. तिला समजावून बाकीची पाजली.

२० ऑगस्ट, मंगळवार
दातांची फिरती व्हॅन शाळेच्या आवारात आली होती. रेविनने अर्धी रजा काढली. मीही गेलो. अशा ठिकाणी घरातला एक सावध माणूस हवा.

व्हॅनची पायरी चढलो आणि मिस पेंगेलींच्या खोलीतला तोच लवंगेचा वास आला. एक पायरी परत खाली उतरलो. (लक्षण नव्हे.) आतली मुलगी तरुण, अनाहेरा नाव, हसतमुख. ब्रायरला खुर्चीत वर-खाली नेऊन दाखवलं, आरसा हातात दिला. ब्रायर भ्यायली नाही. मीच भ्यालो होतो. अनाहेराने तोंडात बघितलं आणि तिचं हसू हळूहळू कमी झालं. आकडे मोजत होती. आठापर्यंत मी ऐकले.

तिने रेविनला विचारलं, ज्यूस देता का? कोला? झोपताना काही गोड? रेविन रडकुंडीला आली. म्हणाली, देवाशपथ काही नाही, घरात साखरेचा डबासुद्धा वरच्या फळीवर आहे. तुम्हाला वाटत असेल मी खोटं बोलतेय. अनाहेरा म्हणाली, नाही, तसं नाही, पण हे दात दिवसभर गोडात बुडाल्यासारखे दिसतायत.

ब्रायरला तहान लागली होती. तिने दप्तरातून देवमाशाची बाटली काढली आणि दोन घोट घेतले.

अनाहेराने विचारलं, मी बघू का जरा? झाकण उघडलं. वास घेतला. रेविनकडे दिली. रेविनने वास घेतला, मग बोट बुडवून चाखलं. ब्रायर मोठ्या ऐटीत म्हणाली, ते डोंगरातलं पाणी आहे, आजोबा आणतात, फक्त माझ्यासाठी.

मी म्हणालो, ते औषध आहे.

रेविनने विचारलं, किती चमचे? तीन. कधीपासून? एक जुलै. ती ओरडली असती तर मला उत्तरं होती, तयार होती. ती ओरडली नाही. म्हणाली, बाबा, मला विचारलं का नाहीत? सांगितलं तरी का नाहीत? मी म्हणालो, तिच्या भल्यासाठीच ना. रेविनने ब्रायरला कोट घातला, बटणं लावली, आणि दोघी पायरी उतरून गेल्या.

२१ ऑगस्ट, बुधवार
रेविनचा फोन. नोलीनने घेतला. आजपासून ब्रायर शाळा सुटल्यावर शाळेतच थांबणार, तिथे मुलांना सांभाळायची सोय आहे. नोलीन म्हणाली, तिचं बरोबर आहे. मी म्हणालो, तू तरी माझ्या बाजूने बोल. नोलीन म्हणाली, मर्व, मी तुझ्या बाजूनेच आहे, म्हणून तर इथे आहे.

डगला जाब विचारायला झऱ्यावर गेलो. व्हॅन नव्हती. मेंढ्या होत्या.

२२ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी ३.१०
काही नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी ३.१०
सार्जंट फाटकाशी जाऊन बसला. त्याला घरात आणला.

३ सप्टेंबर, मंगळवार
संकल्प: रेविनला पत्र लिहून संपूर्ण शास्त्रीय भूमिका मांडणे. पहिला मसुदा सहा पानं. दुसरा दीड पान. तिसऱ्यात फक्त, रेविन, माझं चुकलं, एवढंच उरलं. ते वाचायला बरोबर वाटेना, म्हणून पाठवलं नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार
हॉस्पिटलमध्ये कोणाची तरी तारीख रद्द झाली म्हणून ब्रायरला किडके दात काढायला आज घेतलं. भूल देऊन. रेविनने नोलीनला बोलावलं होतं. मला बोलावलं नव्हतं, पण नको असंही म्हटलं नव्हतं. मी गाडी चालवली आणि पार्किंगमध्येच बसलो.

अडीच तास. आमच्या वेळी भूल नव्हती, आता असते हे एक बरं. मी सात वर्षांचा असताना खुर्चीला इतकं घट्ट धरून बसलो होतो की उठताना बोटं उघडेनात, आणि बाहेर आल्यावर आई म्हणाली होती, तुझ्या भल्यासाठीच आहे रे. मी तेव्हापासून हे वाक्य म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवलेला नाही. हे आज पार्किंगमध्ये आठवलं आणि रडू आलं. काच खाली होती, वारा फार होता.

नोलीन बाहेर आली. म्हणाली, पाच काढले, तीन भरले, शुद्धीवर आली आहे, आइसक्रीम मागतेय आणि मिळत नाही म्हणून चिडलीय. मी म्हणालो, दुधाचेच आहेत ना, परत येतील. नोलीनने गाडीची किल्ली माझ्या हातातून घेतली. येताना तीच गाडी चालवत होती.

११ सप्टेंबर, बुधवार
तिसरा मसुदा पोस्टात टाकला.

१६ सप्टेंबर, सोमवार
पान सहा, दोन ओळी. पार्ट आला, मशीन आजपासून सुरू. टामातीने कुंपणावरून स्वतः येऊन सांगितलं, सकाळी नऊ वाजता बटण दाबलं म्हणून. मी म्हणालो, बरं. तो माझ्याकडे बघत थांबला, मला अजून काही बोलायचं असेल असं समजून. मग कोबी देऊन गेला.

लक्षणे: बघायचं राहून गेलं.

१८ सप्टेंबर, बुधवार
झऱ्याचे रिकामे कॅन रीसायकलिंगला दिले. सह्यांचा कागद नोलीनने शेगडी पेटवायला घेतला, मी हरकत घेतली नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
रेविन आणि ब्रायर जेवायला आल्या. पत्रानंतर पहिल्यांदा. रेविनने दारात माझ्या गालाला गाल लावला. पत्राचा विषय काढला नाही, मीही नाही. नोलीनने मेंढीची तंगडी भाजली होती, मिंट सॉस, बटाटे. ब्रायरला मऊ मऊ बघून दिलं. ती हसली की पुढे मोठी फट दिसते. शाळेच्या, सार्जंटच्या, सगळ्या गप्पा मारल्या. मी तर मनात म्हणालो की झालं, मिटलं, उद्या-परवा तीन वाजताचं पुन्हा विचारून बघू.

जेवताना ती म्हणाली, पाणी. मी लगेच उठलो. कपाटातून काचेचा साधा ग्लास घेतला, सगळ्यांना दिसेल असा धरला, स्वयंपाकघरातल्या नळाखाली भरला, आणि तिच्यासमोर ठेवला.

ब्रायरने ग्लास हातात घेतला नाही. आधी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, आजोबा, यात तू काय घातलंयस?

मी म्हणालो, काही नाही, राणी. नुसतं नळाचं पाणी.

खरंच?

खरंच.

तिने थोडा विचार केला. मग ग्लास टेबलावरून सरकवत नोलीनपुढे नेला आणि म्हणाली, आजी, आधी तू पिऊन बघ. नोलीनने माझ्याकडे न बघता एक घोट घेतला आणि सांगितलं की हो, पाणीच आहे. मग ब्रायर सगळा ग्लास प्यायली.